अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एकत्र केल्या तेव्हा पोरं नक्की कशी वागली?

टाईमपास_वाचक:
मंडळी एक विचारायचंय. लिटल रॉकचा (अर्कान्सा राज्यातलं शहर) १९५७ चा तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल, एलिझाबेथ एकफर्ड ही काळी मुलगी गॉगल लावून वही छातीशी धरून चाललीय आणि मागे एक गोरी मुलगी तोंड फाडून ओरडतेय. १९५४ चा ब्राऊन खटल्याचा निकाल (सुप्रीम कोर्टाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तो) वगैरे माहितीय, तो नका सांगू. गेटबाहेरच्या जमावाबद्दल ढीगभर सापडतं, पण आत वर्गात काय झालं? गोरी पोरं घरच्यांचं ऐकून वागली की स्वतःच्या मनाने? आणि काळ्या वस्तीत सगळे खूष होते का? विकीची लिंक नको प्लीज, वाचलेलं सांगा.

जुनी_पानं:
आतलं जास्त वाईट होतं. राज्याचा गव्हर्नर फॉबसने नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) लावून एलिझाबेथसकट नऊ काळ्या पोरांना अडवलं, मग राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने लष्कराची १०१ वी एअरबोर्न तुकडी पाठवली आणि २५ सप्टेंबरला ते पहाऱ्यात शाळेत गेले, इथपर्यंत सगळे सांगतात. पण सैनिकांना वर्गात, बाथरूममध्ये, कपडे बदलायच्या खोलीत जायची परवानगी नव्हती, मग जो काही त्रास द्यायचा तो तिथेच. ढकलणं, थुंकणं, लॉकर फोडणं हे रोजचं.

आता हे करणारी टोळी तशी छोटी होती, साधारण दोन हजार गोरी पोरं होती शाळेत आणि त्यातली बहुतेक काहीच करत नव्हती. काहीच म्हणजे काहीच, बघायची आणि पुढे जायची. नऊ जणांतल्या टेरेन्स रॉबर्ट्सकडे गणिताचं पुस्तक नव्हतं तेव्हा एका गोऱ्या मुलीने आपलं बाक त्याच्याजवळ सरकवून पुस्तक मधे ठेवलं, पण असं कुणी केलं की ती टोळी त्याच्याही मागे लागायची, मग कोण कशाला पुढे येतंय.

नऊ जणांतल्याच मिनीजीन ब्राऊनचं वाचा मात्र. डिसेंबरात कॅन्टीनमध्ये पोरं तिच्या वाटेत खुर्च्या सरकवत होती, तिने हातातला चिलीचा बाऊल (बीन्स आणि खिम्याचा रस्सा असतो तो) दोघांवर सोडला. क्षणभर सगळं चिडीचूप आणि मग कॅन्टीनमधल्या काळ्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या! ती सस्पेंड झाली, फेब्रुवारीत शाळेतूनच काढली, आणि लगेच गोऱ्या पोरांत कार्डं फिरली, एक गेली आठ राहिले अशी. कार्डं छापून आणण्याइतकी तयारी, म्हणजे मागे मोठी माणसं असणारच, हा माझा अंदाज.

टाईमपास_वाचक:
बाप रे, कार्डांचं माहीत नव्हतं. आणि ती ओरडणारी मुलगी, तिचं पुढे काय?

जुनी_पानं:
हेझल ब्रायन, तेव्हा १५ वर्षांची. १९६३ ला तिने एलिझाबेथला फोन करून माफी मागितली. १९९७ ला दोघी भेटल्या, काही काळ चांगली मैत्रीही होती, नंतर बिनसलं. आणि एलिझाबेथ त्या दिवशी एकटी का होती माहितीय का, बाकीच्यांना आदल्या रात्री फोनवर निरोप गेला होता की सगळे मिळून जायचंय, हिच्या घरी फोनच नव्हता.

मिनी_मावशी:
घरच्यांचं बघायचं असेल तर न्यू ऑर्लिन्स वाचा. १४ नोव्हेंबर १९६०, रुबी ब्रिजेस, सहा वर्षांची, मार्शल लोकांबरोबर (केंद्र सरकारचे पोलीस) गोऱ्यांच्या शाळेत आली. बाहेरचा आरडाओरडा ऐकून तिला वाटलं मार्डी ग्रासचा उत्सव चाललाय! गोऱ्या आईबापांनी भराभर पोरं काढून घेतली, वर्षभर वर्गात ती एकटी आणि बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री बाई. बाहेर रोज बायकांची गर्दी, आया होत्या हो त्या, आणि त्यातली एक छोट्या शवपेटीत काळी बाहुली घालून आणायची. सहा वर्षांच्या पोरीला दाखवायला. मला ते वाचून झोप आली नव्हती. रुबीच्या वडलांची नोकरी गेली. पोरं घरच्यांचं ऐकत होती का, तर रुबीनेच सांगितलंय, पुढे तिला शाळेत एक गोरा मुलगा भेटला तो म्हणाला आईने तुझ्याशी खेळायचं नाही म्हणून सांगितलंय. हे सगळं आपल्या रंगावरून चाललंय हे तिला तेव्हा कळलं.

खडूस_काका:
काळ्या वस्तीत सगळे खूष होते का, तर अजिबात नाही, आणि हे कुणी सांगत नाही. दक्षिणेत बऱ्याच गावांत एकत्रीकरण म्हणजे काय, तर तुमची शाळा बंद आणि तुमची पोरं आमच्या शाळेत. काळ्या मुख्याध्यापकांना खाली उतरवलं, हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या हाइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १९६८ ला काळ्या पालकांनी जवळपास वर्षभर पोरं शाळेत पाठवली नाहीत, का तर त्यांच्या दोन जुन्या शाळा बंद करायचा घाट होता. आणि शाळा वाचवल्या त्यांनी! पोरांना गोऱ्यांशेजारी बसायची हौस होती हा समज डोक्यातून काढा.

जुनी_पानं:
काका मान्य, पण जुनं ते सोनं असंही नव्हतं. व्हर्जिनियात फार्मव्हिलला काळ्या पोरांची मोटन हायस्कूल इतकी भरलेली की आवारात डांबरी कागदाच्या शेड टाकून वर्ग भरवायचे, थंडीत कोट घालून बसायचं. २३ एप्रिल १९५१ ला १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना थाप मारून बाहेर काढलं, पोरांना हॉलमध्ये जमवलं आणि अख्खी शाळा संपावर. मागणी फक्त चांगल्या इमारतीची होती, वकील म्हणाले लढायचं तर वेगळ्या शाळांविरुद्धच लढू, आणि ती केस पुढे ब्राऊन खटल्यात गेली. मग काउंटीने काय केलं, १९५९ ला सगळ्या सरकारी शाळांना कुलूप, पाच वर्षं! गोऱ्यांसाठी खाजगी अकॅडमी निघाली, काळी पोरं नातेवाइकांकडे किंवा सरळ घरी. सुप्रीम कोर्टाने १९६४ ला सांगितलं तेव्हा शाळा उघडल्या.

बसवाला_बंड्या:
सगळे दक्षिणेलाच धरून बसलेत, उत्तरेचं कोण सांगणार. न्यूयॉर्कमध्ये ३ फेब्रुवारी १९६४ ला साडेचार लाखांवर पोरं शाळेत गेली नाहीत, शाळा एकत्र करा म्हणून. पुढच्याच महिन्यात गोऱ्या आया मोर्चा घेऊन निघाल्या, आमची पोरं बसने लांब पाठवू नका म्हणून. आणि बॉस्टन १९७४, जज गॅरिटीच्या ऑर्डरवरून रॉक्सबरी वस्तीतली काळी पोरं साउथ बॉस्टन या गोऱ्या वस्तीतल्या शाळेत बसने नेली, बसवर दगड, काचा फुटल्या, पोरं जखमी. पण यात एक गोम आहे, साउथ बॉस्टनचे आयरिश लोकही गरीबच होते. श्रीमंत उपनगरांना हात लागला नाही, त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने उपनगरांना या एकत्रीकरणातून वगळलं होतं. जजसाहेब स्वतः राहायचे वेलस्लीला, म्हणजे उपनगरातच, आणि हे साउथ बॉस्टनवाले उठताबसता ऐकवायचे.

मिनी_मावशी:
बंड्या, गरीब होते हे खरंय, पण दगड जजच्या घरावर नाही पडले, पोरांच्या बसवर पडले.

बसवाला_बंड्या:
ते मी कुठे नाकारतोय मावशी, दगड मारणाऱ्यांची बाजू घेत नाहीये. मी म्हणतोय की प्लॅन करणाऱ्यांची पोरं त्या बसमध्ये नव्हती.