पुरुष जिम्नॅस्टिक्स: पूर्ण संघ पाठवायचा की एकेक हुकमी एक्का?

खाडीकाठचा मास्तर (दापोली)

गावातल्या शाळेत मी संध्याकाळी मल्लखांब शिकवतो. वीसेक पोरं आहेत, त्यांतली चार जिम्नॅस्टिक्सही करतात, म्हणजे आमच्याकडे जेवढं सामान आहे तेवढं. परवा त्यांना मोबाईलवर पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची सांघिक अंतिम फेरी दाखवली. शेवटचं साधन हाय बार, म्हणजे उंचावरचा आडवा दांडा, चीन तीनहून जास्त गुणांनी पुढे, आणि त्यांचा सू वेईदे एकदा पडला, परत चढला, परत पडला. जपान २५९.५९४, चीन २५९.०६२. अर्ध्या गुणाने सोनं हातचं गेलं. पोरं गप्प. मग एकाने विचारलं, "सर, ह्यात आपली टीम कुठाय?"

काय सांगणार? आपली टीम १९६४ ला टोकियोत होती, सहा जणांची. त्याआधी १९५२ ला हेलसिंकीत दोघं, १९५६ ला मेलबर्नला तिघं. अकरा पुरुष, बास. तिथून पॅरिसपर्यंत एकही भारतीय पुरुष जिम्नॅस्ट ऑलिम्पिकला गेलेला नाही.

माझं म्हणणं असं, की आशियाई असो वा जागतिक, आपण पूर्ण संघ पाठवावा. शेवटचे आलो तरी पाठवावा. संघ न्यायचा म्हटला की फ्लोअर, पॉमेल (दोन मुठींचा घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), पॅरलल बार, हाय बार ही सहाही साधनं कुठेतरी शिकवावीच लागतात. नाहीतर पॉमेलच्या वाटेला कोण जाणार? शिव्या घातल्यात तरी चालेल, मेव्हण्याने घालून झाल्यात.

सुपारीबाग (श्रीवर्धन)

मेव्हणा शहाणा आहे.

मास्तर, पदकं बघा ना कुठे आलीत. आशिष कुमार, २०१० दिल्ली राष्ट्रकुल: व्हॉल्टला रौप्य, फ्लोअरला कांस्य. त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडला परत फ्लोअरचं कांस्य. मुलींत दीपा कर्माकर, २०१४ ग्लासगो, व्हॉल्ट. रिओ ऑलिम्पिकला चौथी, १५.०६६, कांस्यपदक ०.१५० ने हुकलं, तेही व्हॉल्टलाच. अरुणा रेड्डी २०१८ मेलबर्न वर्ल्ड कप, व्हॉल्ट. प्रणती नायक, व्हॉल्ट. आपलं नाणं तिथे चालतं, तर तिथेच वापरा की!

फिलिपिन्सने पॅरिसला पुरुषांत एकटा कार्लोस युलो पाठवला. तो फ्लोअर आणि व्हॉल्टची दोन सुवर्णं घेऊन आला. संघ वगैरे काही नाही. निसर्ग वादळात माझ्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. नव्याने लावताना जोमदार रोप बघून लावलं. ओळ भरायची म्हणून मरतुकडं रोप कोणी लावत नाही.

वाशिष्ठीचा वाघ (चिपळूण)

तुम्ही दोघं परक्या घोड्यावर कशाला बसताय? मल्लखांब आपला आहे! पेशवाईतल्या बाळंभट्टदादा देवधरांपासून चालत आलाय. २०१९ ला शिवाजी पार्कात जागतिक स्पर्धा झाली, परदेशी पोरं दोरीवर सरसर चढत होती. मध्य प्रदेशने २०१३ लाच राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला, आपण बसलो टाळ्या वाजवत. जो पैसा जिम्नॅस्टिक्सच्या संघावर घालायचा तो इकडे घाला. आणि तसंही कोकणातलं पोर पाचव्या वर्षी माडावर चढतं. त्याला मल्लखांब पक्का शिकवा, जिम्नॅस्टिक्स आपोआप येईल.

खाडीकाठचा मास्तर

वाघसाहेब, पहिल्या अर्ध्यावर तुमच्या पायावर डोकं. दुसरा अर्धा मात्र साफ चूक, आणि हे मी मल्लखांब शिकवणारा म्हणून सांगतोय.

मल्लखांबात अंगाला एरंडेल, आणि सगळी भिस्त मांडीवर आणि बगलेवर. लाकूड आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं. माझ्या सगळ्यात तयार पोराला, दसरंगात, म्हणजे मल्लखांबाच्या एका प्रकारात, जो जिल्ह्यात पुढे असतो त्याला, पहिल्यांदा पॉमेलवर चढवला. दोन्ही मुठी धरल्या आणि पाय फिरवताना क्षणात मांडी घोड्याला चिकटली. सात वर्षांची सवय! तिथे तर पाय जुळलेले, ताठ, आणि घोड्याला शिवायचेसुद्धा नाहीत. आवळलं की गुण गेले. सहा महिने मी त्याच्या मांडीशी भांडतोय. माडावर चढणाऱ्या पोराचंही तेच, तोही आवळूनच चढतो. ताकद आणि निडरपणा आयता मिळतो हे खरं, पण झोका मिळत नाही. बार, रिंग्ज, पॉमेल, सगळा झोक्याचा खेळ आहे.

वाशिष्ठीचा वाघ

मांडीचं मान्य. पैशाचं नाही.

वही पेन्सिल (रत्नागिरी)

गुणलेखनाला बरीच वर्षं बसलोय म्हणून बोलतो. सुपारीबागवाले, यादी बरोबर आहे पण तिच्यात एक पाचर आहे. दीपा रिओला व्हॉल्टच्या जोरावर पोहोचली नाही. एप्रिल २०१६ च्या पात्रता स्पर्धेत मुलींच्या चारही साधनांची बेरीज धरली होती. तिचे ५२.६९८ झाले म्हणून दार उघडलं. बार आणि बीमवर (अरुंद पट्टीवर) ती ढेपाळली असती, तर तिची ती प्रोदुनोव्हा, व्हॉल्टवरची अवघड उडी, जगाने टीव्हीवर बघितलीच नसती.

दुसरं, सांघिक अंतिम फेरीचं गणित. पाच जणांचा संघ, प्रत्येक साधनावर तिघं उतरतात, तिघांचेही गुण धरतात. वाईट गुण टाकून द्यायची सोय नाही. एक पडला की पूर्ण एक गुण जातो. आपण असा संघ उतरवला तर काय होईल? व्हॉल्टला मान वर, पॉमेलला तिघांचे मिळून चार-पाच गुण मातीत. मास्तर, मी तुमच्याच बाजूचा आहे, पण "शेवटचे आलो तरी चालेल" हे म्हणणं सोपं आहे. त्या पोराला पडल्यावर हजारो लोकांसमोर परत चढायचं असतं.

सुपारीबाग

२०१६ चे नियम २०१६ ला. आता वर्ल्ड कप मालिकेत एकेका साधनावरूनही ऑलिम्पिकची जागा मिळते. म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला.

आणि अमेरिकेचा तो चष्मेवाला नेदोरोसिक विसरलात? पॅरिसच्या त्या फेरीत अडीच तास बाकावर बसून होता. शेवटी उठला, फक्त पॉमेल केला, आणि २००८ नंतर पहिल्यांदा अमेरिकेला सांघिक पदक मिळालं. हुकमी एक्का म्हणतात तो हा.

खाडीकाठचा मास्तर

अहो, तो बाकावर निवांत बसू शकला कारण बाकीच्या चौघांनी उरलेली पाच साधनं ओढून नेली! एक्का खरा, पण त्याच्या हाताखाली पानं होती. आपल्याकडे नुसता एक्का हातात, समोर डाव मांडलेलाच नाही. युलोचंही तसंच. तो किशोरवयात जपानला जाऊन जपानी प्रशिक्षकाकडे वाढला. एकटा दिसतो, पण जपानची अख्खी शाळा त्याच्या पाठीशी होती.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलला आपले तिघं गेले होते: योगेश्वर सिंग, सत्यजित मंडल आणि सैफ तांबोळी. योगेश्वर सर्वसाधनांच्या अंतिम फेरीत पोहोचला. पदक नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नाही. माझ्या पोरांना मी तो दाखवतो. सहाही साधनं करणारा भारतीय आहे, हे त्यांना आधी दिसू दे.

मालवणची आवस

मास्तरानू, सुपारीवाल्यानू, तुमी दोगय वरच्या माळ्यार भांडतास, खाली जिनोच नाय.

आता सरळ लिहिते, नाहीतर श्रीवर्धनवाल्यांना कळायचं नाही. माझा मुलगा बारा वर्षांचा. मागच्या वर्षी त्याला एका स्पर्धेला घेऊन गेले, पहाटे चारची एसटी, मांडीवर डबा आणि चटई. कागदावर सहा साधनं. प्रत्यक्षात पॉमेल नव्हताच. मग काय केलं? सगळ्या मुलांना पॉमेलचे सारखे गुण लिहून टाकले, कुणाला वाईट वाटायला नको! माझ्या मुलाला आनंदच झाला, न चढता गुण मिळाले. मला रडू येत होतं.

इथे किनाऱ्यावर एक हॉल आहे, तिथे हाय बार आहे. खारी हवा, दोन महिन्यांत दांड्यावर तांबूस पापुद्रा येतो. पोरं पॉलिश पेपरने घासतात आणि मग लटकतात, तळवे विटकरी होतात. जुलैत तळव्यांना लावायच्या चॉकच्या पिशवीत हात घातला तर भाकरीच्या पिठासारखा गोळा. संघ पाठवा, एक्का पाठवा, मला दोन्ही चालेल. पण हे असं बघून मूल व्हॉल्टकडेच पळणार ना? धावायला काय, जमीन फुकट आहे.

सुपारीबाग

ताई, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. व्हॉल्ट आपल्याला जमतो म्हणून पदकं येतात असं मी धरून चाललो होतो. बाकीचं सामानच नाही म्हणून व्हॉल्ट उरतो, हे उलटं असू शकतं.

तरीही पैसे मोजकेच असतील तर मी आधी जिंकणाऱ्याला देईन. हे बदलत नाही.

वही पेन्सिल

सारखे गुण?? आईशप्पथ. असला प्रकार मी आजवर बघितला नाही.

खाडीकाठचा मास्तर

ताई, पॉमेल विकत घ्यायला आम्हालाही परवडला नाही. जो आहे तो एका बंद पडलेल्या व्यायामशाळेतून आणलेला, पावसाळ्यात त्याला बुरशी येते. पण तुमच्या मुलाला आजपासून सुरू करता येईल. आढ्याला दोरी बांधायची, खाली बादली, बादलीत दोन्ही पाय जुळवून घालायचे. हात जमिनीवर आणि अंग गोल फिरवायचं. पायाचं वजन बादली घेते, पोराने फक्त खांदे आणि कंबर बघायची. मांडी आवळायला काही नसतंच, त्यामुळे ती सवयच लागत नाही. पॉमेलवाले सगळीकडे असंच शिकतात.

मालवणची आवस

बादली खंयची? न्हाणीतली पंधरा लिटरची पुरात?

खाडीकाठचा मास्तर

पुरेल. काठाला जुना टॉवेल गुंडाळा, नाहीतर पोटऱ्या सोलतील. आणि दोरी थेट आढ्याला बांधू नका, पीळ बसतो. मध्ये गरगर फिरणारी कडी टाका. बंदरावर जाळ्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते.