मुलीच्या पाठीला बाक: ब्रेस की ऑपरेशन? पुढच्या आयुष्याचं काय?

इंदिरानगरची आई:
मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत. स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकलाय. कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाक) ३२ अंश, रिसर १ (म्हणजे हाडांची वाढ अजून बरीच बाकी), पाळी अजून नाही. डॉक्टरांनी रोज १८ तास ब्रेस, म्हणजे धडाभोवती आवळायचा कडक साचा, सांगितलाय. सासूबाई म्हणतात, "एकदाचं ऑपरेशन उरकून टाका, पोरीला पिंजऱ्यात कशाला कोंडता?" मला तिच्या चाळिशीची काळजी आहे. बाळंतपण, नोकरी, कंबर. कुणी यातून गेलंय का?

पंचवटीकरीण:
ताई, मी गेलेय. १९९६ ते ९९, आठवी ते दहावी ब्रेस. ३२ अंशांना सहसा ऑपरेशन करत नाहीत, तो विचार ४५-५० च्या पुढे. ब्रेसने बाक सरळ होत नाही, वाढायचा थांबतो. २०१३ साली अमेरिका-कॅनडातला अभ्यास आला, त्यात ब्रेसवाल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढीचं वय संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, ब्रेस न घातलेल्यांत ४८ टक्के. जितके जास्त तास घातला तितका गुण जास्त.

चाळिशीचं म्हणाल तर स्वीडनमध्ये उपचारानंतर वीसेक वर्षांनी ब्रेसवाले आणि ऑपरेशनवाले दोघांनाही तपासलं. शिक्षण, संसार, एकंदर तब्येत चारचौघांसारखीच. पाठीमुळे चारचौघांत मिसळणं, खेळणं टाळतो म्हणणारे मात्र जास्त, ऑपरेशनवाल्यांत तर आणखी. आणि त्याला दुखण्यापेक्षा संकोच आणि 'आपल्याला जमणार नाही' हीच कारणं जास्त. हे वाचून मी गप्पच झाले. माझी दोन बाळंतपणं झाली, रोज स्कूटरवर सातपूरला जाते, कंबर धरते ती दिवाळीच्या साफसफाईत. पण मागे मोठ्या गळ्याचा ब्लाउज आजतागायत शिवलेला नाही. शिवणाऱ्या बाई न विचारताच गळा बंद ठेवतात.

एक सांगते. माझ्या ब्रेसची कड डाव्या खुब्यावर रुतायची. करून देणारा म्हणाला, "सवय होईल." दोन महिने आईने त्याचं ऐकलं, त्याचा काळा डाग अजून आहे. रुतलं तर त्याच आठवड्यात जाऊन घासून आणा. आत सुती बनियन, शिवण बाहेरच्या बाजूला. एप्रिलच्या उन्हात दोनदा बदलावा लागतो.

सिडकोवाला:
माझा ५६ अंश, सोळाव्या वर्षी ऑपरेशन, पाठीत दोन सळ्या. आता ३४ वर्षांचा आहे. पांडवलेणी चढतो, दुखत नाही. पण पाठीचा तेवढा भाग वाकत नाही. मोजे घालताना पाय मांडीवर घ्यावा लागतो, गाडी मागे घेताना सगळी भिस्त आरशावर. मला पर्याय नव्हता. तुमच्या मुलीला आहे, तर ब्रेस घालू द्या.

इंदिरानगरची आई:
लेकीला वाचून दाखवलं. तिला एकच विचारायचंय, वेल्क्रोचा वर्गात आवाज होतो का?

पंचवटीकरीण:
होतो. खर्रकन. खेळाच्या तासाला काढायचा तो घंटा वाजत असतानाच काढ म्हणावं, कुणाला कळत नाही.