सदोष पिते आणि देवाचे कार्य

प्रश्न : बायबलमधील याकोबाने आपल्या मुलांपैकी एकट्या योसेफाला खास झगा करून दिला आणि भावांच्या मनात द्वेष पेटला; असा उघड पक्षपात करणाऱ्या पित्याच्या घराण्यातूनच देवाने आपले अभिवचन पुढे का नेले असावे?

उत्तर १ : योसेफाला विकण्याची कल्पना त्याचा भाऊ यहूदा याची होती (उत्पत्ती ३७), पण पुढे बापाचा जीव धाकट्या मुलात, बन्यामिनात, गुंतला आहे हे ठाऊक असूनही, त्याच्याऐवजी मला दास म्हणून ठेवून घ्या, अशी विनवणी तोच करतो (उत्पत्ती ४४). याकोबाचा पक्षपात सुटलेला नाही, यहूदा मात्र बदलला आहे. देवाचे कार्य मला तिथे दिसते.

उत्तर २ : मान्य, परंतु त्यामुळे बापाचा दोष धुतला जात नाही. दावीद राजाचा मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केल्यावर बाप दावीदही संतापला, पण न्याय केला नाही. मग तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने सूड घेतला.

प्रश्नकर्ता : यहूदाचे पटले. तामार मात्र भावाच्या घरी उदास राहिली, एवढेच शास्त्र सांगते.