मदत हवी आहे: शनिवारी मुलांना पक्षी दाखवायला न्यायचंय, गेल्या वर्षी कुणालाच काही दिसलं नाही

चौथीच्या_बाई
नमस्कार. तातडीने मदत हवी आहे. शनिवारी परिसरभेट आहे आणि आमच्याकडे दुर्बीण एकच. गेल्या वर्षी मनोऱ्यावर रांग लावली, एकेकाला दहा सेकंद दुर्बीण. निम्म्या मुलांचा डोळा भिंगाला लागेपर्यंत पाळी संपली. नंतर एकाने वहीत लिहिलं, 'आम्ही रांगेत उभे राहिलो. मग डबा खाल्ला.' ते फार लागलं मनाला. या वर्षी काय करू? शुक्रवारी दुपारी मुख्याध्यापकांना नियोजन द्यायचंय.

रानवाट
बाई, गाव कोणतं, मुलं किती, मनोरा कुठला? त्याशिवाय काय सांगणार?

भीमाकाठ
सरळ भिगवणला न्या. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी असतात, नावेतून छान दिसतात. दुर्बीण लागतच नाही. माझ्या पुतण्यांना नेलं होतं, अजून तेच बोलतात.

सहलप्रमुख
एसटी हवी असेल तर आगारात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, शैक्षणिक सहलीला भाड्यात सवलत मिळते. पालकांची संमतीपत्रं आधी घ्या, प्रथमोपचार पेटी विसरू नका.

चौथीच्या_बाई
माफ करा, घाईत राहूनच गेलं. निफाड तालुका. नांदूरमधमेश्वर, चापडगावचा मनोरा. तिसरी-चौथी मिळून 31 मुलं, आम्ही दोघे शिक्षक. शाळेपासून पायी अर्धा तास, त्यामुळे एसटी नको. भिगवण आम्हाला खूप लांब पडतं.

रानवाट
अहो, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तुमच्या अंगणात आहे! 2020 साली तशी घोषणा झाली. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी नि दलदल तयार झाली. म्हणून तर पक्षी येतात. हे मुलांना बंधाऱ्याकडे बोट दाखवून सांगा.

आता दुर्बिणीचं. ती पिशवीतच राहू द्या. जुन्या वहीचा पुठ्ठा गुंडाळून प्रत्येकाला एक नळी करून द्या. नळीतून मोठं दिसत नाही, पण आजूबाजूचं झाकलं जातं आणि मूल एकाच पक्ष्यावर टिकतं. पाच-सहा जणांचे गट करा, एका गटाला एकच पक्षी: वारकरी (काळा, कपाळ पांढरं), जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या (लांब लाल पाय), चमचा, हळदी-कुंकू बदक. पंधरा मिनिटं त्याचीच चोच, पाय, खाणं पाहायचं. नाव पाठ करायला लावू नका. आणि ऊन चढायच्या आत पोचा.

विहिरीवरची_बाभूळ
माझं मत वेगळं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लांबचा ठिपका कळत नाही, हातात काहीतरी लागतं. मी वीस वर्षं तिसरीला शिकवलं. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी असतात, तिथे न्या. नाव सुगरण, पण विणतो नर. मादी येऊन बघते, पसंत पडलं तरच पुढचं काम. नाही तर टोपीसारखं अर्धवट लटकत राहतं. पुरी किती, अर्धवट किती, मुलांना मोजू द्या.

रानवाट
सुगरण बारा महिने आहे हो. हजारो किलोमीटर उडून आलेली बदकं उन्हाळ्याआधी निघून जातील. जानेवारी पाणथळीसाठीच ठेवावा.

विहिरीवरची_बाभूळ
जानेवारीत घरटी रिकामी असतात, म्हणूनच जवळ जाता येतं. पावसाळ्यात पिल्लं असताना नेणार का?

द्राक्षवाला
बाई, वाटेत बागा लागतील. बांधावरून जाण्याआधी फवारणी चालू आहे का ते शेतकऱ्याला विचारा. चालू असेल तर लांबून न्या, मुलांना घशाला त्रास होतो. आणि पक्ष्यांचं कौतुक ठीक आहे, पण साळुंक्या-बुलबुल घड फोडतात तेव्हा आमचं काय होतं तेही मुलांना कळू द्या.

भीमाकाठ
तुम्ही बागेवर लावता त्या जाळ्यांत किती पक्षी अडकून मरतात ते पण दाखवा मग.

द्राक्षवाला
मी सकाळ-संध्याकाळ जाळी फिरून बघतो, अडकलेला सोडवतो. सगळ्यांना एका मापात मोजू नका.

सहलप्रमुख
विषय भरकटतोय. बाई, मनोऱ्यावर किंवा वाटेतल्या झाडांवर आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशी बघून या. दगड मारायचा नाही हे निघण्याआधी दोनदा सांगा.

चौथीच्या_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी पाणी, परतताना विहीर असं ठरवलंय. मोहोळ आजच बघून येते.

(रविवारी)

चौथीच्या_बाई
काल जाऊन आलो! नळ्या कामी आल्या. पाणी उतरलं होतं, वारकरी काठावर चरायला आले होते. त्या गटातली एक मुलगी, वर्गात एरवी तोंडही उघडत नाही, पळत येऊन म्हणाली, "बाई, याला बदकासारखा पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळ्या पाकळ्या आहेत." मी पुढे जाऊन पाहिलं तर खरंच. इतकी वर्षं इथे राहून मी ते पाहिलं नव्हतं.

विहिरीपाशी एक पडलेलं घरटं मिळालं. उसाच्या पातीचे धागे होते त्यात. आत सुकलेल्या चिखलाचे गोळे निघाले. मुलं विचारतायत कशाला? एकाची आजी सांगते, सुगरण त्यावर काजवे चिकटवून दिवा करते.

विहिरीवरची_बाभूळ
काजव्यांची ती गोष्टच आहे. वाऱ्यात घरटं हेलकावू नये म्हणून वजन, असं मानतात. घरटं शेतातलंच आहे ना? अभयारण्यातलं पीससुद्धा उचलायचं नसतं.

चौथीच्या_बाई
शेतातलंच, मालकांना विचारून आणलंय. उद्या दुकानातून तराजू मागवलाय. आधी घरटं तोलणार, मग नुसते गोळे.