बाबांचे स्नायू घरच्या घरी कसे मोजायचे? (बजेट २०००)

कृष्णाकाठ: बाबा ७३ वर्षांचे, मिरजेला असतात. वजन दोन वर्षं ६१ वरच आहे, पण पोट सुटलंय आणि मांड्या उतरल्यात. परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण निघेना म्हणून आईच्या हातात दिली. आजवर उलटं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, वयानं स्नायू झिजतात, लक्ष ठेवा. स्नायू दाखवणारा वजनकाटा घ्यावा का? २००० च्या वर जमणार नाही.

तात्या६८: घ्यायचा तर हातात दांडा धरायचा असतो तो घ्या. हे काटे अंगातून बारीक करंट सोडून स्नायूंचा अंदाज बांधतात; नुसता पायांचा असला तर करंट पायांतूनच जातो. मी साडेसात हजारांना घेतला. माझं शरीराचं वय ५५ दाखवतो!

मीनल_ठाणे: काटा नकोच. आमच्याकडे सकाळी एक आकडा, संध्याकाळी दुसरा. आई पाणी पिऊन उभी राहिली की तिसराच.

गोट्या: पेसमेकर असेल तर असल्या काट्यावर मुळीच चढवू नका.

तात्या६८: पेसमेकरचं कुणी विचारलंय? माझा काटा रोज नेमका आकडा देतो.

विदर्भकर: सरळ डेक्सा करा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं, स्नायू, चरबी मोजणारा स्कॅन. फक्त संपूर्ण शरीराचा हवा, असं आधी बजावून सांगा. मी पैसे भरून आलो आणि रिपोर्टात नुसती कंबर नि खुबा. हाडांचा निघाला तो.

फिजिओताई: आधी घरातली शिवणाची टेप काढा. पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ सेंमीच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली असेल तर पुढची तपासणी हवी. पायाला सूज असेल तर मात्र टेप फसवते. मग खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, पाच वेळा उठबस. कुणीतरी शेजारी उभं राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर. मुठीची ताकद (यंत्र दाबून मोजतात) पुरुषांत २८ किलो, बायकांत १८ च्या खाली नको. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेले आकडे आहेत हे. विकत काही घेऊ नका.

मीनल_ठाणे: तेच म्हणतेय, काटा नको.

सातारी_आजी: मोजून काय होणार? शेंगदाण्याचा लाडू द्या, दोन अंडी द्या.

फिजिओताई: आजी, द्याच. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. पण जोडीला पायांचा व्यायाम नसेल तर नुसत्या खाण्यानं भागत नाही.

तात्या६८: माझ्या काट्यात प्रथिनंही दिसतात.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. पोटरी ३२.५ भरली, सूज नाही. उठबशीला १६ सेकंद, चौथ्या वेळी हात मांडीकडे गेला. दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवणार आहे. ताई, तुम्ही नको म्हणालात तरी मूठ मोजायचं यंत्र मागवलं, १८०० ला. टेप लावायला बाबा पाय पुढे करत नाहीत, चिडतात. मूठ मात्र लगेच आवळतात. बाबा २१, आई २२. यंत्र खाली ठेवलंच नाही त्यांनी, परत दाबलं.

फिजिओताई: मग योग्य घेतलंत. दर वेळी तोच हात, बसून, कोपर काटकोनात. महिन्यातून एकदाच लिहून ठेवा.