मुलं विचारतात ते ‘मानायचं काय?’

ताई, चौथीच्या मुलांसाठी कलमा (श्रद्धेची साक्ष), नमाज, रोजा, जकात (सक्तीचं दान), हज हे इस्लामचे पाच स्तंभ तुम्ही छान मांडलेत. पण ही झाली करायची कामं. मानायचं काय, हे राहिलंच, आणि मुलं नेमकं तेच विचारतात.

मी त्यासाठी जिब्रीलच्या हदीसची, म्हणजे पैगंबरांबद्दलच्या एका जुन्या नोंदीतली, गोष्ट सांगते. एक अनोळखी माणूस येतो. कपडे पांढरेशुभ्र, केस काळेभोर, अंगावर प्रवासाची खूणसुद्धा नाही. मुहंमद पैगंबरांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसतो आणि विचारतो, ईमान (श्रद्धा) म्हणजे काय? उत्तरात मानायच्या सहा गोष्टी येतात: अल्लाह, फरिश्ते (देवदूत), ग्रंथ, सगळे पैगंबर, कयामतचा (अंतिम न्यायाचा) दिवस आणि तकदीर (देवाने ठरवलेलं नशीब). तो गेल्यावर कळतं, तो फरिश्ता जिब्रीलच होता! ‘परगावचा, मग धूळ कशी नाही?’ इथे मुलं हमखास अडतात. अडू द्यावं.

ग्रंथांत कुराणाबरोबर तौरात (मूसांचा), जबूर (दाऊदांचा), इंजील (ईसांचा) हेही येतात. पैगंबरांत इब्राहिम, मूसा, ईसा. ईसा म्हणजे येशू, पण इथे ते पैगंबर, देवाचे पुत्र नव्हेत, हे स्पष्ट सांगावं.

‘अल्लाह दिसतो कसा?’ याला सूरह इखलास या कुराणातल्या छोट्या अध्यायाच्या चार आयती (ओळी) पुरतात. तो एक आहे, त्याला कोणाची गरज नाही, त्याला मूल नाही आणि तो कोणाचं मूल नाही, त्याच्यासारखं कोणीच नाही. मग चित्र काढणार कशाचं?

तकदीर मी दोन वाक्यांत उरकते. मोठ्यांनाही ती झेपत नाही. आणि हो, सहाची यादी सुन्नी मांडणीतली. शिया घरातलं मूल पाच तत्त्वं सांगेल, त्यांत इमामतही (पैगंबरांनंतर इमामांचं नेतृत्व) असेल. त्याच्या उत्तरावर फुली मारू नका.