मदत हवी आहे : वाहतूक संशोधन परिषदेत शासकीय अभियंत्यांचा प्रत्यक्ष सहभाग कसा मिळवावा?

नमस्कार. मी दक्षिण महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहतूक अभियांत्रिकी हा विषय शिकवते. जिल्ह्यातील रस्ते आणि वाहतूक या विषयावर येत्या जानेवारीत आमच्या विभागातर्फे दोन दिवसांची संशोधन परिषद घेण्याचे ठरले असून तिच्या संयोजनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. शोधनिबंध येतील, त्याची काळजी नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग, परिवहन कार्यालय, पोलिसांची वाहतूक शाखा, एसटी आणि नगरपालिका यांच्याकडील रोज रस्त्यावर काम करणारी माणसे दोन्ही दिवस सत्रांत बसावीत, त्यांनी प्रश्न विचारावेत आणि जमल्यास स्वतःचे निबंधही मांडावेत, हे कसे घडवून आणायचे, याबद्दल मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक दिवसाचे चर्चासत्र घेतले होते. उद्घाटनाला एक वरिष्ठ अधिकारी आले, दीपप्रज्वलन झाले, शाल-श्रीफळ झाले, मनोगत झाले आणि पहिला निबंध सुरू होण्यापूर्वीच त्यांना पुढच्या बैठकीसाठी निघावे लागले. त्यांच्याबरोबर आलेली मंडळीही ओघानेच उठली. एक उपअभियंता तेवढे मागच्या रांगेत बसून राहिले. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या एका चौकातील सिग्नलच्या वेळा कशा असाव्यात, यावर माझ्या विद्यार्थ्यांनी निबंध वाचला होता. चहाच्या वेळी या गृहस्थांनी कार्यक्रमपत्रिका उलटी करून कोऱ्या बाजूवर तो चौक काढला आणि वाहनगणना कोणत्या महिन्यात केली, असे विचारले. मुलांनी मे महिना सांगितला. तेव्हा दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला कशी ओढली जाते आणि शेजारची मार्गिका कशी अडते, हे त्यांनी पेन्सिलीने दाखवले. गळीत हंगामात अशी वाहने रात्रंदिवस त्याच वळणावरून जातात आणि एक ट्रॅक्टर वळून होईपर्यंत मुलांनी ठरवलेला हिरवा दिवा संपलेला असतो. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. सहा महिन्यांच्या कामातील मुख्य उणीव पाच मिनिटांत कळली, पण त्यांचे म्हणणे सत्रात झाले नाही, इतिवृत्तात आले नाही, याची खंत मला आजही वाटते.

वास्तविक सरकारी अभियंत्यांनी अशा तांत्रिक चर्चेत भाग घेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीने रस्त्यांच्या तांत्रिक प्रश्नांवर विचारविनिमय करणारी निमशासकीय संस्था असावी अशी शिफारस केली आणि तिच्यातून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ आखली गेली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही जी वर्गवारी आजही प्रत्येक अंदाजपत्रकात लिहिली जाते, ती त्याच योजनेची देणगी आहे, आणि ती देणारे अभियंते सरकारी नोकरीतलेच होते. अमेरिकेत वॉशिंग्टनला दर जानेवारीत ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाची वार्षिक सभा भरते. तिथल्या राज्यांचे वाहतूक विभाग १९६२ पासून सामाईक महामार्ग संशोधनाला पैसे देत आले आहेत आणि कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावे हेही तेच सुचवतात. मला हाच क्रम आवडतो. आमच्याकडे आधी विद्यार्थ्याचा विषय ठरतो आणि मग तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे शोधले जाते.

माझी पहिली अडचण पत्राची आहे. प्रत्येक कार्यालयाच्या नावे स्वतंत्र निमंत्रण पाठवावे की त्यांच्या वरच्या मंडळ कार्यालयाकडे एकच पत्र द्यावे? परिषदेचे दोन दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरले जाण्यासाठी पत्रात नेमके काय लिहावे लागते? तारखांचा विचार मी केला आहे. डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन असते, फेब्रुवारी-मार्चमध्ये देयकांची घाई असते आणि पावसाळ्यात खड्ड्यांपुढे कोणाला सवड नसते, म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरला आहे. शिवाय तेव्हा गळीत हंगाम चालू असतो, त्यामुळे सर्वांना घेऊन त्या चौकात जाताही येईल.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. परिषदेतील एक पूर्ण सत्र अपघातप्रवण स्थळांवर ठेवायचे आहे. राष्ट्रीय महामार्गावरील साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा एकूण १० मृत्यू झाले, तर ते ठिकाण ब्लॅक स्पॉट धरतात. आता पोलीस, परिवहन, रस्ते आणि आरोग्य हे चारही विभाग अपघाताची माहिती आयरॅड या एकाच संगणकीय प्रणालीत भरतात, तरीही त्या चौघांनी एका टेबलाशी बसून एखाद्या वळणाची चर्चा केल्याचे मी पाहिलेले नाही. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने, कलम १९८अ म्हणून, आली. अशा वेळी एखाद्या अभियंत्याने ‘माझ्या हद्दीतील हे वळण चुकले आहे’ असे व्यासपीठावरून म्हणावे, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? त्यांना मोकळेपणाने बोलता येईल आणि त्रासही होणार नाही, अशी रचना कोणी केली असल्यास कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मॅडम, मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. पत्र खालच्या कार्यालयाला पाठवू नका. उपअभियंत्याची यायची इच्छा असली तरी त्याला वरिष्ठांची परवानगी लागते आणि ती मागण्याचा संकोच तो करतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते आणि तुम्ही लिहिलेले बहुतेक विभाग तिथे आधीपासून एकत्र बसतात. त्या समितीपुढे विषय ठेवण्याची विनंती करा. समितीच्या इतिवृत्तात परिषदेची नोंद झाली की प्रत्येक कार्यालयाला आपला माणूस पाठवणे सोपे जाते. पत्रात ‘उपस्थित राहावे’ एवढेच लिहू नका. कोणत्या सत्रात, किती वाजता आणि कोणत्या रस्त्याबद्दल त्या अधिकाऱ्याची माहिती हवी आहे, ते लिहा. स्वतःच्या रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक (रस्त्यावरील नेमके ठिकाण दाखवणारा अंतराचा आकडा) पत्रात दिसला की अभियंता ते पत्र बाजूला ठेवत नाही.

प्रतिसाद २

मी परिवहन खात्यात आहे. चुकांची चर्चा दुरुस्ती सुरू न झालेल्या ठिकाणच्या अपघातांवरून करू नका, तसेच न्यायप्रविष्ट प्रकरणे अजिबात घेऊ नका. ज्या ठिकाणी दुरुस्ती पूर्ण झाली आहे अशी दोन-तीन वळणे निवडा आणि आधी काय होते, काय बदलले, अपघात कमी झाले का, एवढे त्या त्या अधिकाऱ्यांना मांडू द्या. केलेल्या कामाबद्दल माणूस मनापासून बोलतो आणि आधी काय चुकले होते, तेही त्यात ओघाने येते. वाहनांचे क्रमांक आणि जखमींची नावे वगळून आकडेवारी मागितलीत तर ती मिळण्याची शक्यता वाढते.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. समितीचा मार्ग मला सुचलाच नव्हता. प्राचार्यांशी बोलून सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात पत्र देत आहे आणि दुरुस्त झालेल्या वळणांची कल्पना अपघातांच्या सत्रासाठी स्वीकारत आहे. उद्घाटनाचा कार्यक्रम पहिल्या दिवशी सकाळी न ठेवता दुसऱ्या दिवशी दुपारी, सर्व निबंध झाल्यावर ठेवावा, असे आता मनात आहे. तेव्हा वरिष्ठांपुढे दोन दिवसांतले प्रश्न त्यांच्याच अभियंत्यांनी वाचून दाखवावेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. त्या उपअभियंत्यांना मी निबंध लिहिण्याची विनंती केली, तेव्हा ‘मला लिहिता येत नाही, मी चौक दाखवतो’ असे ते म्हणाले. माझ्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याबरोबर बसून लिहून घ्यावे आणि पहिले नाव त्यांचे असावे, असा माझा विचार आहे. शासकीय सेवेतील व्यक्तीच्या नावाने असा निबंध छापताना कार्यालयाची लेखी संमती कोणत्या स्वरूपात घेतात, याचा नमुना कोणाकडे असल्यास नावे खोडून इथे द्यावा, ही विनंती.